निजलेल्याला हाक न्हाई

१८ मे १९९७. सकाळी ढगाळ, दहानंतर कडक ऊन. वारा नाही.

माझी रोजची वही अशीच सुरू होते. आधी तारीख, मग हवा, मग दिवस. आज जे पाहिलं ते मात्र एका पानात मावणारं नाही, म्हणून मागचंही जोडून लिहिते आहे.

ईसीजीच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात, पिना आणि किस्से. बायका टेबलावर झोपण्याआधी पदराच्या, केसांच्या पिना काढून खिडकीत ठेवतात आणि जाताना विसरतात. बिस्किटांचा एक डबा त्या पिनांनी भरला. त्यातली कुठली पिन कुणाची, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. किस्से मात्र कुणाचे ते मला पक्के आठवतात.

मी कराडला एका छोट्या हॉस्पिटलात ईसीजी काढते. लागले होते आया म्हणून. यंत्र शिकले ते बघून बघून. खेड्यापाड्यातले पेशंट मला सिस्टरबाई म्हणतात. मी सिस्टर नाही, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं. हृदयाच्या डॉक्टर मॅडम दर गुरुवारी सांगलीहून येतात आणि येताना भडंगाचा डबा आणतात. त्यांचा नियम एकच. आधी ईसीजीच्या पट्ट्या, मग भडंग!

* * *

एकदा एक पैलवान आला. टेबलावर आडवा झाला तर खांदे दोन्हीकडून बाहेर. मी छातीवर रबरी फुगे चिकटवायला घेतले, तसा त्याने टेबलाच्या कडा घट्ट धरल्या.

"सिस्टरबाई, करंट किती हाय ह्याला?"

"अहो, यंत्रातून तुमच्यात करंट येत नाही. तुमच्या हृदयातला यंत्रात येतो."

"म्हंजी मी देणार?"

"हो, तुम्हीच."

त्याने कडा सोडल्या, छाती फुगवली आणि म्हणाला, "मग घ्या किती पायजे तेवढा!"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. त्याच्या शर्टाची बटणं तिनंच उघडली. छातीवर फुग्यांचे लाल गोल ठसे उमटलेले होते.

"हे कुणाचं काम, तेवढं सांगा."

मी एक फुगा तिच्याच मनगटावर लावला आणि काढला. लाल गोल उठला. ती त्या गोलाकडे बघत राहिली, नवऱ्याच्या छातीकडे बघत राहिली आणि एकदम पदर खोचून निघाली.

"अगं, कुठं?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या भावास्नी वाटंतनंच माघारी धाडाया पायजे!"

* * *

खरं तर ईसीजीच्या यंत्रात घाबरण्यासारखं काही नसतं. असलं तर ते पट्टीवर असतं. मंगलच्या पट्टीवर होतं.

हॉस्पिटलच्या समोर, रस्त्यापलीकडे, नामदेवमामांचं एसटीडी बूथ आहे. मामा मिलिटरीतून रिटायर झालेले. सगळा रस्ता त्यांना मामा म्हणतो, पण सख्खे मामा ते मंगलचे. मंगल माणमधली, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. वडील ती लहान असतानाच गेलेले. बारावी झाली आणि मामांनी तिला बूथवर बसायला आणलं. एकोणीस वर्षांची, अंगाने बारीक. हसायच्या आधी खाली बघायची. कुठल्या गावाचा कोड काय, हे तिला तोंडपाठ. दिल्लीचा विचारा, नाही तर बेळगावचा.

एकच अडचण होती. फोनची घंटा वाजली की ती कधी कधी पडायची.

रोज नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं, टेबलावर डोकं टेकून तिचा डोळा लागला आणि त्यातच घंटा खणखणली, की हमखास. डोळे पांढरे व्हायचे, हात ताठ. थोड्या वेळाने आपोआप उठायची आणि विचारायची, "कुणाचा फोन हुता?"

शेजारच्या तंबाखूवाल्याने याचा अर्थ लावून टाकला. "पोरीला आदी कळतंय. वाईट फोन असला की पडतीया." रस्त्याला ते पटलं. मग काय, लोक फोनची वाट बघताना फोनकडे नाही, मंगलकडे बघायचे!

एक सुतार असाच फोनची वाट बघत बसला होता. घंटा वाजली, मंगल पडली. मामा तिच्याकडे धावले आणि सुताराने तिथंच रडायला सुरुवात केली. "गेली, माझी आई गेली!" मामांनी एका हाताने मंगलला सावरलं, दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"अरे रडतोस काय? बायकू बाळंत झाली. मुलगी झालीया तुला!"

सुतार रडतच होता.

"आता कशाला रडतोस?"

"सुरू झालंय मामा, थांबंना!"

सगळे हसले. मंगलही उठून बसल्यावर हसली. पण त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "मंगल, ही ड्यूटी तुला झेपायची न्हाई. गावाला जा." एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला नव्हता. 'फिट येणारी पोरगी' म्हणून दोन स्थळं दारातूनच परत गेली होती.

मी घरी निघाले, तशी ती माझ्याबरोबर चौकापर्यंत आली. म्हणाली, "सिस्टरबाई, एक इचारू? पडल्यावर दरखेपेला उठते मी. कवातरी उठायचीच न्हाई, आसं हुईल का?"

मी म्हटलं, "गुरुवारी मॅडम येतील. त्यांना विचारू."



* * *

गुरुवारी मॅडमनी मंगलची पट्टी हातात घेतली आणि भडंगाचा डबा तसाच राहिला.

ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक ठोक्याचा एक उंच सुळका येतो आणि त्याच्या मागून एक छोटी टेकडी. मंगलची टेकडी फार उशिरा येत होती, आणि आली की पसरट, मधे खाच पडलेली. मॅडम पट्टी खिडकीजवळ नेऊन बघत राहिल्या. मग मामांना आत बोलावलं.

"मामा, जत्रेत तंबूतला सिनेमा बघितलाय?"

"लय! रांगेत मारामाऱ्या करून."

"मग बघा. एक खेळ संपला की आतली माणसं बाहेर पडायला हवीत. मगच पुढच्या खेळाची आत सोडायची. हृदयाच्या पेशीत तसंच असतं. एक ठोका म्हणजे एक खेळ. खेळ संपला की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं. त्याला बारीक बारीक दारं असतात. मंगलची काही दारं नीट उघडत नाहीत. तंबू रिकामा व्हायला वेळ लागतो. आणि अशा वेळी बाहेरून कुणी 'आग, आग' म्हणून ओरडलं तर?"

"चेंगराचेंगरी."

"तीच होते. घंटा म्हणजे ते ओरडणं. तेवढा वेळ हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. म्हणून ही पडते. गर्दी आपोआप पांगते, म्हणून उठते. ही फिट नाही."

"आन गर्दी न्हाई पांगली तर?"

मॅडमनी पट्टीची घडी घातली. "तसं होऊ नये म्हणूनच गोळी चालू करायची. रोज. एक दिवसही चुकवायची नाही."

मामा मिलिटरीतले. दुरुस्ती लगेच झाली पाहिजे. "त्यापरीस ती दारंच मोठी करून टाका की! चार दिस लागूद्यात."

"ती दारं घडवणारा साचाच तसा असतो, मामा. हे आत्ता आत्ता कळायला लागलंय, सगळ्या पुस्तकांत अजून आलेलंही नाही. तो साचा आईकडून येतो, नाही तर वडिलांकडून."

मामा ताडकन म्हणाले, "वडलांकडून! आमच्या घराण्यात आसलं काय न्हाई!"

मंगल गावाला गेली नाही. मॅडमनीच सांगितलं, "इथंच राहू दे, डोळ्यांसमोर. फक्त घंटेचं बघा."

* * *

घंटेचं मामींनी बघितलं.

मामांनी फोनच्या आतल्या घंटेभोवती चिंधी गुंडाळली होती, पण आवाज काही समाधानकारक मरेना. मग मामींनी लोकरीचं एक टोपरं विणलं, तान्ह्या बाळाचं असतं तसं, बंद लावलेलं, आणि ते फोनला घातलं! आता फोन आला की खणखण नाही, नुसतं घुर्र घुर्र. मांजर मांडीवर बसल्यासारखं.

रस्त्याला नवा विषय मिळाला.

"मामा, बारसं कवा?"

"मामा, सर्दी झालीया काय फोनला?"

मॅडम म्हणाल्या होत्या, अंगातलं पोटॅशियम कमी होऊ देऊ नका, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच या, आणि केळी, शहाळी चालतील. मामांनी त्याचा हुकूम केला. बूथमध्ये केळीचा घड लटकला. लोक आत येऊन केळी कशी दिली विचारायचे.

"औषध हाय ते! हात लावू नका!"

मॅडमनी असंही बजावलं होतं की आपल्याला विचारल्याशिवाय हिला कुठलीही गोळी द्यायची नाही. साध्या शिंकांच्या काही गोळ्यासुद्धा ही दारं आणखी बंद करतात. ही गोष्ट मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगितली. त्याने ती इतकी मनावर घेतली की मंगल एकदा खोकल्याची वडी मागायला गेली, तर त्याने बरणीवर हात ठेवला.

"मॅडमना विचारलंस?"

"आवं, मामीला पायजे!"

"मग मामीला पाठव!"

* * *

वडिलांकडच्या सगळ्यांच्या पट्ट्या काढायच्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. मामांनी निरोप धाडला आणि एका गुरुवारी माणमधून टेम्पो आला. मंगलचे आजोबा, म्हणजे आबा, आजी, दोन चुलते आणि त्यांची मुलंबाळं. आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. घोंगडं, काठी, आणि आमच्यासाठी मडक्यात खरवस.

आबांना टेबलावर घेतलं. "आबा, हलायचं नाही. निवांत पडा."

आबा इतके निवांत पडले की पट्टी संपेपर्यंत घोरायला लागले! बाहेर रांग. मी तोंड जवळ नेऊन जोरात म्हणाले, "आ—"

पुढचं अक्षर बाहेर पडलंच नाही. आजींनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. घट्ट! हाताला खरवसाचा वास.

"हाक मारू नगा!"

मग त्या टेबलाच्या पायथ्याशी गेल्या. आबांच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. दाबायच्या, सोडायच्या. दाबायच्या, सोडायच्या. रांग थांबली, मॅडम आत आल्या, त्याही थांबल्या. कितीतरी वेळाने आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मेंढरं आली?"

मी म्हटलं, "आजी, हे काय?"

"आमच्यात निजलेल्याला हाक न्हाई मारत. अंगठा धरत्यात. मी लगीन हून आले तवा सासूनं पैलं हेच शिकिवलं. तिला तिच्या सासूनं."

"लहान पोरांना पण?"

"पोरांस्नी, सुनांस्नी, समद्यांस्नी."

नामदेवमामांना ते रुचलं नाही. "थोरांनी ल्हानाच्या पायाला हात लावायचा? हे काय बरं न्हाई."

आजी म्हणाल्या, "पाय कसला त्यो? दाराची कडी हाय ती. दार वाजवायचं न्हाई, कडी हळूच काढायची."

मॅडमनी विचारलं, "हे का करता, आजी?"

"का ते म्हाईत न्हाई, बाई. माझ्या नणंदेला कुणी हाक मारून उठिवली, ती उठली न्हाई. तिच्या आदी आणिक कोण कोण. मग हाक बंद झाली. मंगलचा बाप मंबईला गिरणीत हुता. पाळीला उशीर हुईल म्हून खोलीतल्या गड्यांनी हाक मारली. चांगलीच माणसं. त्यांस्नी काय म्हाईत? मंबईत त्याला अंगठा धरणारं कुणी न्हवतं."

मी पुढच्या पोराला टेबलावर घेतलं.

पट्ट्या झाल्या. चुलत्यांच्या आणि मुलांच्या नीट होत्या. आबांची मात्र मंगलसारखीच निघाली. तीच उशिरा येणारी, खाच पडलेली टेकडी. मॅडमनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. आबांनाही गोळी सुरू केली आणि आजींना म्हणाल्या, "अंगठा धरायचं सोडू नका. पण नुसत्या अंगठ्यावर भागवू नका."

मंगल त्या दोन पट्ट्यांकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आबा टेबलावरून उतरले, घोंगडं खांद्यावर टाकलं, आणि काठीने तिला हळूच ढोसलं.

"काय गं, म्हंजी तुझं आन माझं सारकंच?"

"व्हय, आबा."

"मग घाबरतीस काय? ह्या म्हातारपणापातुर पोचलोय की मी! तू बी पोचशील!"

त्या दिवशी भडंग पुरला नाही. खरवस पुरला.

* * *

आता दत्ता.

दत्ता कराडला लागूनच असलेल्या मलकापूरचा. बापाचं बँडपथक, दत्ता त्यात ट्रम्पेट वाजवतो. लग्नाच्या सुपाऱ्यांचे फोन करायला तो मामांच्या बूथवर यायचा, कारण मलकापुरातला बूथवाला यांच्या सरावाच्या शेडशेजारीच राहत होता आणि त्याने बँडवाल्यांना फोनला हात लावायची बंदी केली होती!

बँडवाल्यांचे कान निम्मे गेलेले असतात, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. दत्ताने पहिल्यांदा फोनवर "हॅलो!" केलं, तेव्हा मंगलने टेबलाची कड धरली. ती पडली नाही, गोळी चालू होती. पण मामांनी दत्ताला बाहेर उभं केलं आणि पोटॅशियमचा सगळा तंबू समजावून सांगितला, जत्रेसकट.

दुसऱ्या दिवशी दत्ता आला, तो चपला बाहेर काढून. फोन लावला आणि इतक्या हळू बोलायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येईना. थोड्या वेळाने त्याने फोन ठेवला.

मामा म्हणाले, "काय झालं? मिळाली सुपारी?"

"गेली. सांगलीची पार्टी म्हणाली, फोनवर आवाज येत न्हाई तुमचा, लग्नात काय वाजवणार?"

मंगल खाली बघून हसली. मी ते पाहिलं. दत्तानेही पाहिलं. त्यानंतर त्याच्या पुष्कळ सुपाऱ्या अशाच गेल्या.

मधे एक चांगलं स्थळ आलं, शिरवळच्या कारखान्यात कायम नोकरी असलेलं. मामांनी त्यांना आजाराचं सांगितलं नव्हतं. मंगलने पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या, उभी राहिली आणि स्वतःच सगळं सांगितलं. मंडळी अर्धे पोहे टाकून उठली.

मामा चिडले. "सांगायचं हुतं तर सांग. पण पोहे तरी संपू द्यायचे!"

* * *

दत्ताची आई इंदुबाई. मलकापुरात एक समजूत आहे की पथक गावाबाहेर वाजवायला गेलं की जेवायला हाक इंदुबाई घरातूनच मारतात. दत्ताने घरी मंगलचं नाव काढलं, तशा त्या एका गुरुवारी मॅडमना भेटायला आल्या. त्या आपल्या परीने दबक्या आवाजात बोलत होत्या, तरी बाहेर बाकावरची माणसं आपला नंबर पुकारला समजून उठून उभी राहिली.

मॅडमनी त्यांना काहीच लपवलं नाही. गोळी जन्मभर. एकदम मोठा आवाज नको, दचकवायचं नाही, गजराचं घड्याळ नको, विहिरीत उडी नको.

"म्हंजी घरात वराडायचं न्हाई?"

"नाही."

"आन मी काय करू मग?"

मॅडम हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "आणखी एक. हे मुलांमध्ये उतरू शकतं. प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी शक्यता. ते ऐकून मग काय ते ठरवा."

इंदुबाई गप्प झाल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी गप्प पाहिलेलं नाही. दाराशी मंगल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती जायला वळली.

"थांब की गं," इंदुबाई म्हणाल्या. मग मॅडमकडे वळल्या. "आमच्या पथकाला दर पिढीत पोरं लागत्यातच. निम्मी वाजवतील, निम्मी उगी बसून ऐकतील. ऐकणारं बी कुणीतरी पायजेच की!"

बाहेर पडताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सिस्टरबाई, त्यो अंगठा कुठला धरायचा? डावा का उजवा?"

मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आजींना विचारून सांगते."

आजींचा निरोप आला, "जो पांघरुणाच्या भाईर आसंल त्यो."

* * *

तर आज लग्न झालं. कराडात, सकाळच्या मुहूर्तावर. मंगलची सकाळची गोळी मी स्वतः दिली. अक्षता पडल्या, टाळ्या नाहीत, फटाके नाहीत. मॅडम सांगलीहून आल्या होत्या, भडंगाच्या मोठ्या पिशवीसकट.

अडचण वरातीची होती. बँडवाल्याच्या पोराची वरात बँडाशिवाय निघाली तर पथकाची अब्रू जाणार. बँड वाजला तर सून. दत्ताच्या बापाने दोन रात्री विचार केला म्हणे.

दुपारी वरात निघाली. सगळं पथक लाल कोट, सोनेरी पट्ट्या, रांगेत. ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेट ओठांना लावली, बोटं कळांवर चालायला लागली. ढोलवाल्याची टिपरी कातड्यापर्यंत यायची आणि बोटभर आधी थांबायची. झांजांना फडकी बांधलेली. सगळे ताल धरून चालत होते आणि आवाज कसला म्हणून नाही. नुसता बुटांचा, तोही जपून टाकलेल्या.

सज्ज्यांतून माणसं वाकली. "आरं, वाजवा की रं!"

ढोलवाला मान वर न करता म्हणाला, "वाजवतोय! तुमास्नी ऐकू येत न्हाई त्याला आमी काय करू?"

सगळ्यांच्या पुढे नामदेवमामा, छातीवर मेडल लावून. हायवेवर आल्यावर हात आडवा करून ट्रकांना हॉर्न वाजवू देत नव्हते. एका ड्रायव्हरने काच खाली केली. ही मुक्याने चाललेली माणसं बघून त्याने टोपी काढली.

"कोण गेलं, भाऊ?"

"कोण न्हाई! लगीन हाय," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "पोरगी निजलीया."

खरंच निजली होती. पहाटेपासूनची दमणूक, वर ऊन. फुलं लावलेल्या जीपमध्ये दत्ताच्या खांद्यावर तिची मान कलली होती. दत्ता ताठ बसला होता, हलत नव्हता. मागच्या सीटवर आबाही झोपले होते.

मलकापुरात जीप दाराशी थांबली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. इंदुबाई ताटात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. पथक थांबलं, बोटं थांबली. सगळी गल्ली जीपकडे बघत होती आणि मंगल झोपलेली.

एक पाहुणी कुजबुजली, "उठवा की नवरीला. हाक मारा."

कुणीच मारली नाही. मागच्या सीटवरून आजी उतरायला लागल्या, पण गुडघा धरला. त्यांनी पायरीवरच टेकलं आणि इंदुबाईंकडे पाहिलं.

इंदुबाईंनी ताट पाहुणीच्या हातात दिलं. हात पदराला पुसले. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या आत वाकल्या. मंगलचे पाय शालूत होते, एकच अंगठा बाहेर होता, हळदीचा.

"आवं इंदुबाई," पाहुणी म्हणाली, "सासूनं सुनंच्या पायाला..."

इंदुबाईंनी तो अंगठा चिमटीत धरला. दाबला, सोडला. दाबला, सोडला.

मंगल उठली. माप ओलांडून आत गेली.